सोर्स आयपीवरून बाहेर जाणारा इंटरफेस कसा ठरवायचा: बाइंडपासून राउटिंगच्या नियमांपर्यंत

एका मशीनला दोन नेटवर्क जोडलेली आहेत आणि तुमच्या प्रोग्रॅमची काही कनेक्शन्स दुसऱ्या नेटवर्कमधूनच बाहेर पडायला हवी आहेत. नवखा प्रोग्रॅमर शोधाशोध करतो, त्याला बाइंड हा कॉल सापडतो, त्यात तो दुसऱ्या इंटरफेसचा आयपी देतो आणि काम झालं असं समजतो. बाइंड एररही देत नाही. पण कनेक्शन जुळत नाही, बऱ्याच वेळाने टाइमआउट येतो. कधी कधी कनेक्शन जुळतं, सगळं ठीक दिसतं, आणि ट्रॅफिक मात्र पहिल्याच नेटवर्कमधून जात असतं. हा दुसरा प्रकार जास्त घातक, कारण तो महिनोन् महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

हा गोंधळ टाळण्यासाठी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी लागते: सोर्स पत्ता ठरवणं आणि इंटरफेस ठरवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं काम तुमचा प्रोग्रॅम करतो, दुसरं कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) करतो, आणि त्या दोघांना जोडणारा नियम आपल्याला लिहावा लागतो.

उदाहरणं लिनक्सवरची आहेत. विंडोज आणि मॅकओएसबद्दल पुढे लिहिलं आहे. आज्ञा आणि पर्यायांची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत, टर्मिनलवर ती रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करायची. पत्ते आरएफसी ५७३७ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारे क्रमांकित दस्तऐवज) फक्त उदाहरणांसाठी राखून ठेवलेले आहेत, त्यांच्या जागी तुमचे घाला.

आपलं मशीन असं आहे:

ईथ०: १९२.०.२.१०/२४, गेटवे १९२.०.२.१
ईथ१: १९८.५१.१००.२०/२४, गेटवे १९८.५१.१००.१
ज्याच्याशी बोलायचं आहे तो सर्व्हर: २०३.०.११३.५०

मुख्य डिफॉल्ट राउट (दुसरी खास वाट नसेल तेव्हा घ्यायची वाट) ईथ० वरून आहे. आपल्याला ठरावीक कनेक्शन्स ईथ१ मधून हवी आहेत.

बाइंड नेमकं काय करतं

बाइंड केल्यावर पॅकेटच्या हेडरमधल्या सोर्सच्या रकान्यात कोणता पत्ता जाईल एवढंच ठरतं. पॅकेट कुठल्या इंटरफेसवर ढकलायचं हे कर्नल राउटिंग टेबल पाहून ठरवतो, आणि साधं राउटिंग टेबल फक्त डेस्टिनेशन पाहतं. पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता बदलला म्हणून पोस्टाची गाडी बदलत नाही, तसंच हे.

म्हणजे १९८.५१.१००.२० हा सोर्स घेऊन निघालेलं पॅकेट बिनदिक्कत ईथ० मधून बाहेर पडू शकतं. हा लिनक्समधला दोष नव्हे. १९८९ च्या आरएफसी ११२२ मध्ये दोन मॉडेल्स मांडली आहेत. स्ट्राँग मॉडेलमध्ये पत्ता इंटरफेसचा असतो, वीक मॉडेलमध्ये पत्ता अख्ख्या मशीनचा असतो. लिनक्स वीक मॉडेल पाळतं. त्याच्या दृष्टीने दोन्ही पत्ते मशीनचे आहेत, तेव्हा कुठलाही पत्ता कुठल्याही इंटरफेसवरून निघाला तरी त्याची हरकत नसते.

हरकत असते ती पलीकडच्या नेटवर्कची. पुरवठादाराला आपण ग्राहकाला न दिलेला सोर्स पत्ता दिसला तर त्याने पॅकेट टाकून द्यावं, अशी शिफारस आरएफसी २८२७ मध्ये २००० सालीच केली गेली आणि अनेक सेवा पुरवठादार ती पाळतात. तुमचं पॅकेट पहिल्याच टप्प्यावर गप्प टाकलं जातं, कुणी एरर पाठवत नाही. प्रोग्रॅमला दिसतो तो फक्त टाइमआउट.

पायरी १: आहे ती स्थिती पाहा

तीन आज्ञा चालवा आणि त्यांचं आउटपुट जपून ठेवा, पुढे तुलनेला लागेल:

आयपी ॲड्रेस शो
आयपी राउट शो
आयपी रूल शो

पहिल्या दोन बहुतेकांना माहीत असतात. तिसरी इथे सर्वांत महत्त्वाची. कुणी हात लावला नसेल तर तिच्यात तीन ओळी दिसतात: क्रमांक ० वर लोकल टेबल, ३२७६६ वर मेन टेबल आणि ३२७६७ वर डिफॉल्ट टेबल. अर्थ असा की लिनक्समध्ये राउटिंगचं एकच टेबल नाही, अनेक असू शकतात, आणि कुठलं टेबल कधी पाहायचं हे नियमांची ही यादी ठरवते. लहान क्रमांकाचा नियम आधी तपासला जातो. एखाद्या टेबलात राउट सापडला नाही तर कर्नल पुढच्या नियमाकडे जातो. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, ते पुढे नडणार आहे.

आयपी राउट शो एवढी आज्ञा फक्त मेन टेबल दाखवते. बाकीच्या टेबलांसाठी टेबलचा क्रमांक द्यावा लागतो. कित्येक जण दुसऱ्या टेबलात राउट घालतात आणि नेहमीच्या यादीत तो दिसत नाही म्हणून पुन्हा पुन्हा घालत बसतात.

पायरी २: कर्नललाच विचारा

कोड लिहिण्याआधी, काहीही बदलण्याआधी, हा प्रश्न विचारा:

आयपी राउट गेट २०३.०.११३.५०

उत्तरात ईथ० आणि सोर्स म्हणून १९२.०.२.१० दिसेल. आता सोर्स सांगून विचारा:

आयपी राउट गेट २०३.०.११३.५० फ्रॉम १९८.५१.१००.२०

सोर्स दुसरा देऊनही उत्तर ईथ० असंच येईल, गेटवेही १९२.०.२.१ च. बाइंडने काम का होत नाही याचं संपूर्ण उत्तर या एका ओळीत आहे. ही आज्ञा एकही पॅकेट न पाठवता कर्नलचा निर्णय सांगते. या विषयात कामाला येणाऱ्या सगळ्या साधनांमध्ये मी हिला पहिलं स्थान देतो. नवं काही बदललं की आधी हिलाच विचारावं.

पायरी ३: दुसऱ्या सोर्ससाठी वेगळं टेबल आणि नियम

टेबलला १ ते २५२ मधला कुठलाही मोकळा क्रमांक द्या. २५३, २५४ आणि २५५ अनुक्रमे डिफॉल्ट, मेन आणि लोकल टेबलांचे आहेत. आपण १०२ घेऊ. रूटचे अधिकार लागतील.

आयपी राउट ॲड १९८.५१.१००.०/२४ डेव्ह ईथ१ सोर्स १९८.५१.१००.२० टेबल १०२
आयपी राउट ॲड डिफॉल्ट व्हाया १९८.५१.१००.१ डेव्ह ईथ१ टेबल १०२
आयपी रूल ॲड फ्रॉम १९८.५१.१००.२० लुकअप १०२ प्रायॉरिटी १०१०

(पहिल्या ओळीतला सोर्स हा शब्द आज्ञेत एसआरसी असा आखूड लिहितात.)

पहिली ओळ बरेच जण गाळतात. मग त्याच सबनेटमधल्या शेजारच्या मशीनकडे जाणारी पॅकेट्सही आधी गेटवेकडे जातात, कारण १०२ मध्ये डिफॉल्टशिवाय दुसरं काहीच नसतं. काम चालल्यासारखं दिसतं, पण वळसा पडतो आणि गेटवे बंद पडला तर शेजारीही तुटतो.

हाच मुद्दा थोडा पुढे नेऊ. मेन टेबलात कंटेनर्सचे, व्हीपीएनचे किंवा आतल्या नेटवर्कचे खास राउट असतील, तर नवा नियम लागल्यावर १९८.५१.१००.२० वरून निघणाऱ्या पॅकेट्सना ते दिसणार नाहीत. ते सगळे १०२ मध्ये नकलायचे, किंवा त्याच्या आधी हा नियम ठेवायचा:

आयपी रूल ॲड लुकअप मेन सप्रेस_प्रिफिक्सलेंथ ० प्रायॉरिटी १०००

याचा अर्थ: मेन टेबल आधी पाहा, पण त्यातून शून्य लांबीच्या प्रिफिक्सचा, म्हणजे डिफॉल्ट राउट मिळाला तर तो धरू नका. खास राउट तसेच चालतात आणि फक्त 'बाकी सगळं जग' १०२ कडे जातं. मात्र याचा एक परिणाम आहे. १९८.५१.१००.२० वरून १९२.०.२.० च्या सबनेटमधल्या मशीनकडे जाणारं पॅकेट मग ईथ० मधून जाईल. दोन नेटवर्कं काटेकोर वेगळी ठेवायची असतील तर हा नियम लावू नका, हवे तेवढेच राउट हाताने नकला.

आता पायरी २ मधला दुसरा प्रश्न पुन्हा विचारा. या वेळी उत्तर ईथ१ आणि १९८.५१.१००.१ आलं पाहिजे. आलं नाही तर पुढे जाऊ नका, नियमाचा क्रमांक आणि पत्ता तपासा. काही जुन्या लेखांत यानंतर राउट कॅश रिकामी करायला सांगितलेलं असतं. आयपीव्ही४ ची ती कॅश २०१२ मध्ये लिनक्स ३.६ मधून काढून टाकली, त्यामुळे आता त्याची गरज नाही.

नियमात एक पत्ता देण्याऐवजी अख्खं सबनेटही देता येतं. इंटरफेसवर अनेक पत्ते असतील तर ते सोयीचं पडतं.

पायरी ४: प्रोग्रॅममध्ये सोर्स पत्ता द्या

क्रम असा: सॉकेट तयार करा, बाइंड करा, मग कनेक्ट करा. बाइंडमध्ये पत्ता १९८.५१.१००.२० आणि पोर्ट ० द्या. पोर्ट ० म्हणजे 'पोर्ट तू निवड' असं कर्नलला सांगणं. ठरावीक पोर्ट देऊ नका, नाहीतर त्याच सर्व्हरकडे दुसरं कनेक्शन उघडताच अडाल.

भाषांच्या लायब्ररींमध्ये याची सोय तयार असते. पायथनच्या सॉकेट मॉड्यूलमधलं क्रिएट_कनेक्शन हे फंक्शन सोर्स_ॲड्रेस घेतं, त्यात पत्ता आणि ० अशी जोडी द्यायची. गो भाषेत नेट पॅकेजच्या डायलरमध्ये लोकलॲडर हे फील्ड आहे. टीसीपीसाठी त्यात टीसीपीॲडर प्रकारचीच व्हॅल्यू द्यावी लागते, दुसऱ्या प्रकारची दिली तर एरर येतो. नोडमध्ये लोकलॲड्रेस हा पर्याय, जावात सॉकेटचा चार आर्ग्युमेंट्सचा कन्स्ट्रक्टर. कोड न लिहिता आजमवायचं असेल तर कर्लला --इंटरफेस, डब्ल्यूगेटला --बाइंड-ॲड्रेस आणि एसएसएचला -बी हे पर्याय आहेत. नियम लावल्यावर मी आधी कर्लनेच तपासतो, कारण त्यात आपल्या कोडमधली चूक मिसळत नाही.

एचटीटीपी लायब्ररी वापरत असाल तर कनेक्शन पूलकडे लक्ष द्या. पूल जुनं उघडं कनेक्शन पुन्हा वापरतो, आणि त्या कनेक्शनचा सोर्स कधीच ठरून गेलेला असतो. त्यामुळे विनंतीगणिक सोर्स बदलून उपयोग होत नाही. प्रत्येक सोर्स पत्त्यासाठी वेगळा क्लायंट, वेगळा पूल ठेवा.

बाइंडने 'पत्ता उपलब्ध नाही' असा एरर दिला, तर तो पत्ता त्या क्षणी मशीनवर नाही. डीएचसीपीने (आपोआप पत्ते वाटणाऱ्या यंत्रणेने) पत्ता बदललेला असतो किंवा सर्व्हिस इंटरफेसच्या आधी सुरू झालेली असते. हा एरर गिळून बाइंडशिवाय पुढे जाणारा कोड मी अनेक ठिकाणी पाहिला आहे. तसं करू नका. ज्याला दुसरं नेटवर्कच हवं आहे त्याच्यासाठी चुकीच्या वाटेने गेलेल्या कनेक्शनपेक्षा न झालेलं कनेक्शन बरं.

फार कनेक्शन्स उघडणाऱ्यांसाठी एक बारकावा. आधी बाइंड केल्यावर कर्नलला पोर्ट लगेच निवडावा लागतो, पण डेस्टिनेशन अजून माहीत नसतं. त्यामुळे एकच पोर्ट दोन वेगळ्या सर्व्हरांसाठी वापरण्याची मुभा त्याला घेता येत नाही. लिनक्सची नेहमीची पोर्ट रेंज ३२७६८ ते ६०९९९ आहे, म्हणजे एका सोर्स पत्त्यावर २८,२३२ पोर्ट, आणि ते संपतात. लिनक्स ४.२ पासून आयपी_बाइंड_ॲड्रेस_नो_पोर्ट हा सॉकेट पर्याय आहे. तो बाइंडच्या आधी लावला की पोर्टची निवड कनेक्टपर्यंत लांबणीवर पडते. थोडी कनेक्शन्स असतील तर याचा विचारही करू नका.

कनेक्ट झाल्यावर गेटसॉकनेम कॉल करून खरोखर मिळालेला सोर्स पत्ता लॉगमध्ये लिहा. सहा महिन्यांनी कुणी तरी 'हे कुठून जात होतं?' असं विचारेल तेव्हा ही ओळ उत्तर देईल.

पायरी ५: तारेवर पाहा

दोन टर्मिनल उघडा. एकात ईथ० वर, दुसऱ्यात ईथ१ वर टीसीपीडंप लावा, दोन्हींत होस्ट २०३.०.११३.५० एवढाच फिल्टर आणि नावं शोधू नयेत म्हणून -एन. मग प्रोग्रॅम चालवा. ईथ१ वर पॅकेट जाताना आणि उत्तर येताना दिसलं पाहिजे, ईथ० शांत राहिला पाहिजे.

'बाहेरून माझा आयपी कोणता दिसतो' ते सांगणाऱ्या सेवेवर एकट्यावर विसंबू नका. मधे नॅट (वाटेत पत्ते बदलणारी व्यवस्था) असेल तर दोन्ही वाटांनी तोच पत्ता दिसू शकतो.

उत्तर येतं, पण प्रोग्रॅमला मिळत नाही

टीसीपीडंपमध्ये उत्तराचं पॅकेट ईथ१ वर स्पष्ट दिसतंय आणि तरीही कनेक्ट लटकलेलं आहे. अशा वेळी फायरवॉलच्या बरोबरीने पहिला संशय आरपी_फिल्टरवर घ्या.

हा कर्नलचा तपास आहे. आलेल्या पॅकेटच्या सोर्सकडे परत जायचं झालं तर आपण याच इंटरफेसने गेलो असतो का, असं तो पाहतो. किंमत ० असेल तर तपास नाही. १ म्हणजे कडक तपास: परतीचा राउट त्याच इंटरफेसने नसेल तर पॅकेट टाकून द्यायचं. २ म्हणजे सैल: कुठल्याही इंटरफेसने राउट असला तरी पुरे. प्रत्येक इंटरफेसची आणि 'ऑल'ची अशा दोन किमती असतात आणि त्यातली मोठी लागू होते. टीसीपीडंप पॅकेट या तपासाच्या आधीच टिपतो, म्हणून त्याला दिसतं आणि प्रोग्रॅमला मिळत नाही.

पायरी ३ नीट केली असेल तर कडक तपासही पास होतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. परतीचा राउट शोधताना कर्नल आपला स्वतःचा पत्ता सोर्स म्हणून धरतो, त्यामुळे आपलाच फ्रॉमचा नियम लागतो आणि उत्तर ईथ१ येतं. तेव्हा हा तपास अडवत असेल तर आधी नियमात चूक शोधा. सरळ ० करून टाकण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. मला तो पटत नाही, कारण त्याने खोटे सोर्स पत्ते घेऊन येणारी पॅकेट्सही आत येतात. दोन पुरवठादार असलेल्या मशीनवर २ हा मधला मार्ग ठीक आहे. आरएफसी ३७०४ मध्येही अशा जोडणीसाठी कडक तपासाच्या अडचणी मांडल्या आहेत.

खात्री करायची असेल तर एनस्टॅट आज्ञेच्या यादीत आयपीरिव्हर्सपाथफिल्टर या नावाचा मोजणीचा आकडा पाहा. प्रत्येक प्रयत्नागणिक तो वाढत असेल तर गुन्हेगार सापडला.

दोन्ही इंटरफेस एकाच सबनेटमध्ये असतील तर आणखी एक गुंता होतो: ईथ० हा ईथ१ च्या पत्त्यासाठीही एआरपीला ('हा आयपी कुणाचा?' असं त्याच तारेवरच्या मशीन्सना विचारणाऱ्या प्रश्नाला) उत्तर देतो, वीक मॉडेलमुळेच. तेव्हा एआरपी_इग्नोर १ आणि एआरपी_अनाउन्स २ करावं लागतं. शक्य असेल तर ही रचनाच टाळा.

लिंक पडली की काय होतं

इथे बहुतेकांचं काम अर्धवट राहतं. ईथ१ डाउन केला की त्यावरून जाणारे राउट कर्नल १०२ मधूनही काढून टाकतो. नियम मात्र जागेवर असतो, आणि आयपीव्ही४ चा पत्ताही असतो, त्यामुळे बाइंड यशस्वी होतं. आता कर्नल १०२ मध्ये पाहतो, काही सापडत नाही, म्हणून पुढच्या नियमाकडे जातो. पुढे मेन आहे. मेनमध्ये ईथ० चा डिफॉल्ट आहे. पॅकेट तिकडून बाहेर पडतं. ज्या ट्रॅफिकने कधीही पहिल्या नेटवर्कवर जायचं नव्हतं ते नेमकं लिंक पडताच तिकडे जातं. खासगीपणासाठी किंवा हिशेबासाठी वाटा वेगळ्या केल्या असतील तर हे फार महागात पडतं.

उपाय एका ओळीचा आहे:

आयपी राउट ॲड अनरीचेबल डिफॉल्ट मेट्रिक १००००० टेबल १०२

मेट्रिक (राउटचा पसंतीक्रम, लहान आकडा आधी) मोठं असल्याने खरा डिफॉल्ट असेपर्यंत हा राउट निवडला जात नाही. तो गेला की हा उरतो, कारण याला कुठलाच इंटरफेस जोडलेला नाही. मग प्रोग्रॅमला लगेच स्पष्ट एरर मिळतो. ही ओळ पायरी ३ चाच भाग समजा.

पण लिंक अप असताना पलीकडे पुरवठादाराचं नेटवर्क पडलं असेल तर कर्नलला ते कळत नाही. तो तपास तुमच्या प्रोग्रॅमनेच करायचा, कनेक्टला मर्यादित टाइमआउट देऊन.

पत्त्याऐवजी थेट इंटरफेसला बांधणं

लिनक्समध्ये एसओ_बाइंडटूडिव्हाइस हा सॉकेट पर्याय आहे. त्याला 'ईथ१' असं नाव दिलं की सॉकेट त्याच इंटरफेसला बांधलं जातं. आधी याला खास अधिकार लागत; लिनक्स ५.७ पासून सॉकेट आधी कुठल्या इंटरफेसला बांधलेलं नसेल तर साधा वापरकर्ताही तो लावू शकतो. ऐकायला हा सोपा उपाय वाटतो, पण एक खाच आहे. इंटरफेस ठरला तरी गेटवे ठरत नाही. त्या इंटरफेसवरून जाणारा राउट कुठेच नसेल तर डेस्टिनेशन थेट त्याच तारेवर आहे असं कर्नल गृहीत धरतो, दूरच्या सर्व्हरसाठी एआरपी विचारत बसतो आणि शेवटी 'नो राउट टू होस्ट' येतं. म्हणून मेन टेबलात ईथ१ वरून मोठ्या मेट्रिकचा दुसरा डिफॉल्ट लागतो. आणि आरपी_फिल्टर कडक असेल तर उत्तरंही अडकतात.

माझं मत सांगतो: सर्वसाधारण सर्व्हिससाठी सोर्स पत्ता आणि नियम हीच जोडी निवडा. प्रोग्रॅमला अधिकार लागत नाहीत, इंटरफेसचं नाव बदललं तरी कोड तसाच राहतो, आणि वाटेचा निर्णय मशीन सांभाळणाऱ्याच्या हातात राहतो. इंटरफेसला थेट बांधणं शोभतं ते डीएचसीपी क्लायंटसारख्या, पत्ता मिळण्याआधीच बोलणाऱ्या प्रोग्रॅमला किंवा लिंक तपासणाऱ्या साधनाला. ज्या प्रोग्रॅमचा कोड हातात नाही आणि ज्यात सोर्स देण्याचा पर्यायच नाही, त्याला वेगळ्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये किंवा व्हीआरएफमध्ये (दोन्ही म्हणजे मशीनच्या आतच वेगळं केलेलं राउटिंग) चालवा.

विंडोज आणि मॅकओएस

विंडोज व्हिस्टापासून पुढे नेहमीची सेटिंग स्ट्राँग मॉडेलची आहे. तिथे सोर्स पत्त्याला बाइंड केलं की पॅकेट त्या पत्त्याच्या इंटरफेसनेच जातं. दोन्ही इंटरफेसवर डिफॉल्ट गेटवे दिलेला असला म्हणजे झालं. विंडोजवर चाललेला कोड लिनक्सवर न्यावा आणि तो गप्पपणे चुकीच्या वाटेने जावा, याचं कारण हेच. वीकहोस्टसेंड हे सेटिंग कुणी चालू केलं असेल तर हा भरवसा राहत नाही. थेट इंटरफेस सांगण्यासाठी आयपी_युनिकास्ट_आयएफ आहे. त्यात इंटरफेसचा इंडेक्स नेटवर्क बाइट ऑर्डरमध्ये द्यायचा, आणि आयपीव्ही६ च्या त्याच पर्यायात मात्र होस्ट बाइट ऑर्डरमध्ये. या फरकात अनेक जण अडकतात.

मॅकओएसवर आयपी_बाउंड_आयएफ आणि त्याचं आयपीव्ही६ रूप वापरतात. इफ_नेमटूइंडेक्स या फंक्शनने इंडेक्स काढायचा आणि द्यायचा.

आणखी तीन ठिकाणं जिथे पाय घसरतो

नाव शोधणं. तुम्ही सॉकेट बाइंड केलं, पण सर्व्हरच्या नावाचा आयपी शोधणारी डीएनएस विचारणा सिस्टिमचा रिझॉल्व्हर स्वतःच्या सॉकेटवरून करतो. तो तुमचा बाइंड पाळत नाही. ट्रॅफिक ईथ१ मधून आणि त्याआधीचा प्रश्न ईथ० मधून, असं होतं. शिवाय दुसऱ्या नेटवर्कमध्ये त्याच नावाचं उत्तर वेगळं असू शकतं. गरज असेल तर सोर्स पत्ता देता येईल अशी डीएनएस लायब्ररी वापरा.

यूडीपी सर्व्हर. टीसीपीमध्ये आलेल्या कनेक्शनचा स्थानिक पत्ता ठरलेला असतो, त्यामुळे उत्तर त्याच पत्त्यावरून निघतं आणि फ्रॉमचा नियम लागतो. यूडीपी सर्व्हर ०.०.०.० वर ऐकत असेल तर उत्तर पाठवताना कर्नल सोर्स नव्याने निवडतो, म्हणजे विचारलं ईथ१ च्या पत्त्याला आणि उत्तर ईथ० च्या पत्त्यावरून. क्लायंट ते ओळखत नाही. एक तर प्रत्येक पत्त्यावर वेगळं सॉकेट उघडा, किंवा आयपी_पीकेटीइन्फो लावून आलेल्या पॅकेटचा डेस्टिनेशन पत्ता घ्या आणि सेंडएमएसजीमध्ये तोच सोर्स म्हणून द्या.

आयपीव्ही६. याचे नियम वेगळे असतात, आयपी -६ रूल असं लिहून पुन्हा सगळं करावं लागतं. एकाच इंटरफेसवर अनेक पत्ते असतात, त्यातला कुठला घ्यायचा हे आरएफसी ६७२४ मधल्या क्रमाने ठरतं, आणि तात्पुरते पत्ते काळाप्रमाणे बदलतात. म्हणून नियमात एक पत्ता न देता त्या इंटरफेसचं पूर्ण /६४ प्रिफिक्स द्या. एफई८० ने सुरू होणाऱ्या लिंक-लोकल पत्त्यासोबत इंटरफेस सांगावाच लागतो. आणि बाइंड आयपीव्ही४ च्या पत्त्यावर केलं असेल तर नावाच्या उत्तरांतले आयपीव्ही६ पत्ते वगळा, नाहीतर कनेक्ट अपयशी ठरेल.

हे टिकवायचं कसं

वरच्या आज्ञांचा परिणाम मशीन रीस्टार्ट होईपर्यंतच राहतो. तुमचं नेटवर्क कोण सांभाळतं ते पाहून त्याच्याच फाइलमध्ये हे लिहा. सिस्टमडी-नेटवर्कडी असेल तर इंटरफेसच्या फाइलमध्ये राउटिंगपॉलिसीरूल हा विभाग, त्यात फ्रॉम आणि टेबल. राउटच्या विभागातही टेबल लिहायचं. नेटवर्कमॅनेजरमध्ये आयपीव्ही४.राउटिंग-रूल्स ही प्रॉपर्टी. नेटप्लॅनमध्ये राउटिंग-पॉलिसी. सुरुवातीला चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये हाताने आज्ञा टाकू नका: सिस्टमडी-नेटवर्कडी नेहमीच्या सेटिंगमध्ये आपण न लिहिलेले नियम परके समजून काढून टाकतो, आणि इंटरफेस खाली जाऊन वर आला की स्क्रिप्टमधले राउट परत येत नाहीत.

फाइल लिहून झाली की तीन परीक्षा घ्या. मशीन रीस्टार्ट करा आणि आयपी राउट गेट फ्रॉम चालवा. मग ईथ१ डाउन करून तीच आज्ञा द्या, 'नो राउट टू होस्ट' असा एरर आला पाहिजे. मग ईथ१ पुन्हा अप करून परत एकदा, उत्तर ईथ१ आलं पाहिजे. दूरच्या मशीनवर हे करत असाल तर तुमचं स्वतःचं एसएसएच ईथ० वरून आहे याची खात्री करूनच ईथ१ खाली आणा.